ब्रिटिश प्रायोगिक फिल्म: पहिला कार्यक्रम कसा लावायचा, अभ्यास कुठून सुरू करायचा

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरीच सिनेमा लावायचो. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूमागे फिल्मचे तुटके तुकडे पडलेले असायचे, ते वेचून आणायचे. फ्यूज उडालेल्या बल्बचं बूड फोडून आतली तार काढायची आणि त्यात पाणी भरायचं. अंगणात एकाने आरसा धरून उन्हाचा कवडसा दाराच्या फटीतून अंधाऱ्या माजघरात सोडायचा. कवडशात फिल्मचा तुकडा धरायचा आणि त्याच्या पुढे पाण्याचा बल्ब. समोरच्या भिंतीवर हिरो उलटा उभा. तुकडा फिरवून धरला की सुलटा. पट्टीच्या कडेची चौकोनी भोकंही भिंतीवर उमटायची, आणि मला हिरोपेक्षा त्या भोकांचंच जास्त अप्रूप होतं.

पुढे कधीतरी माल्कम ल ग्रीस यांची 'लिटल डॉग फॉर रॉजर' (१९६७) पाहिली आणि ती भोकं पुन्हा भेटली. घरातल्या जुन्या साडेनऊ मिलिमीटरच्या हौशी फिल्मचे तुकडे घेऊन ते त्यांनी १६ मिलिमीटरच्या पट्टीवर पुन्हा छापले. मूल, आई, धावणारा कुत्रा. पट्टी सरकते, घसरते, अडते. चित्राइतकीच पट्टीही दिसत राहते. आपण माजघरात जे करत होतो तेच कुणीतरी लंडनमध्ये आयुष्यभराचं काम म्हणून केलं, हे पाहून मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

गेली काही वर्षं मी अशा फिल्म्सचे छोटे कार्यक्रम लावतो. ज्यांना पहिल्यांदाच ब्रिटिश अवाँ-गार्द म्हणजे प्रायोगिक फिल्म बघायच्या, दाखवायच्या आणि अभ्यासायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. यात दाखवणं आणि अभ्यासणं ही दोन वेगळी कामं मी मानत नाही. या फिल्म्सचा निम्मा अर्थ प्रोजेक्टर, पडदा, अंधार आणि बसलेली माणसं यांच्यात घडतो. त्यामुळे खोली लावता लावताच निम्मा अभ्यास होतो.

पायरी १: हे लोक कोण, एवढं आधी माहीत करून घ्या

नमनाला घडाभर तेल नको, पण एक गोष्ट माहीत हवी. १३ ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर, 'बेटर बुक्स' नावाच्या पुस्तकांच्या दुकानात 'लंडन फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह' सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये अशी सहकारी संस्था आधीपासून होती, पण तिचं मुख्य काम वितरणाचं. लंडनच्या मंडळींनी हळूहळू तीन गोष्टी एका छपराखाली आणल्या: फिल्म धुण्याची-छापण्याची कार्यशाळा, फिल्म दाखवण्याची खोली आणि फिल्म भाड्याने पाठवणारं वितरण कार्यालय. जो फिल्म काढायचा तोच ती धुवायचा, तोच छापायचा, तोच प्रोजेक्टरवर चढवायचा. ल ग्रीस, पीटर गिडाल, अ‍ॅनाबेल निकलसन, लिस ऱ्होड्स, विल्यम रेबन, गाय शेर्विन, जॉन स्मिथ ही सगळी नावं या कोऑपरेटिव्हच्या, म्हणजे 'कोऑप'च्या आसपासची.

जागा कधी धड मिळाल्या नाहीत. पुस्तकांचं दुकान सुटलं, मग आर्ट्स लॅब हे प्रयोगशील कलाकेंद्र, मग एक जुनी डेअरी, मग ग्लॉस्टर अ‍ॅव्हेन्यूवरची जुनी लॉन्ड्री. ड्रुरी लेनच्या आर्ट्स लॅबमधल्या सिनेमात खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर गाद्या होत्या. आपल्याकडे चांगलं थिएटर नाही म्हणून कार्यक्रम पुढे ढकलणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

कोऑपच्या आधीही परंपरा होतीच. न्यूझीलंडहून आलेले लेन लाय यांनी १९३५ साली ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म विभागासाठी 'अ कलर बॉक्स' केली. कॅमेरा वापरलाच नाही, थेट पट्टीवर रंगवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मार्गारेट टेट एकट्याने फिल्म करत होत्या. त्या डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असताना त्या हिंदुस्थानातही राहून गेल्या होत्या, मग रोममध्ये सिनेमा शिकल्या आणि परत गेल्या. त्यांचा कुठल्या गटाशी फारसा संबंध नव्हता. म्हणून कोऑप म्हणजेच ब्रिटिश प्रायोगिक फिल्म असं समीकरण डोक्यात बसू देऊ नका.

पायरी २: पहिल्या कार्यक्रमाच्या फिल्म्स निवडा

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात अवघड फिल्म सगळ्यात आधी लावणं. गिडाल यांची 'रूम फिल्म १९७३' ही मोठी फिल्म आहे, पण जवळजवळ तासभर अंधुक खोलीत चाचपडणारा कॅमेरा बघायला डोळा तयार लागतो. ती पहिल्या दिवशी लावली तर दुसऱ्या कार्यक्रमाला कुणी येणार नाही. माझा अनुभव सांगतो की सगळा मिळून साधारण एक तास पुरे. एखाद-दुसरी फिल्म कमी पडली तरी चालेल, जास्त नको.

मी सुरुवातीला हा क्रम लावतो. आधी 'अ कलर बॉक्स'. चार मिनिटांच्या आत संपते, क्यूबन नाचाच्या तालावर रंग उसळतात आणि शेवटी कळतं की ही पार्सलच्या टपालदरांची जाहिरात आहे. प्रेक्षक हसतात, सैलावतात.

मग मार्गारेट टेट यांची 'पोर्ट्रेट ऑफ गा' (१९५२). जेमतेम पाच मिनिटांत त्या आपल्या म्हाताऱ्या आईचं चित्र उभं करतात. आई रस्त्याने चालते, सिगारेट ओढते, आणि एका ठिकाणी गोळीचा चिकटलेला कागद बोटांनी सोडवते. कॅमेरा त्या बोटांवर थांबतो. कागद निघत नाही, बोटं घाई करत नाहीत. आयुष्यभराचं काम केलेले हात कसे दिसतात ते त्या काही सेकंदांत कळतं. दर वेळी हे दृश्य आलं की हॉलमध्ये कुणीतरी हळूच "आमची आजी" म्हणतं. पहिल्या कार्यक्रमात ही फिल्म हवीच, कारण प्रायोगिक म्हणजे कोरडं, हा गैरसमज तिथेच गळून पडतो.

त्यानंतर ल ग्रीस यांची 'बर्लिन हॉर्स' (१९७०). हे बर्लिन म्हणजे शहर नव्हे, उत्तर जर्मनीतलं त्याच नावाचं एक खेडं. तिथे घोड्याला गोल फिरवताना काढलेलं आठ मिलिमीटरचं चित्रण, आणि जोडीला सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, जळत्या तबेल्यातून घोडे बाहेर काढण्याची फिल्म. दोन्ही पुन्हापुन्हा छापून, रंग चढवून, एकावर एक घालून पुढे जातात. संगीत ब्रायन ईनो यांचं, तेही फिरत राहणाऱ्या टेपच्या तुकड्यांवर बांधलेलं. घोडा गोल फिरतो, चित्र गोल फिरतं, आवाज गोल फिरतो.

लगेच लिस ऱ्होड्स यांची 'ड्रेसडेन डायनॅमो' (१९७१-७२) लावा. पाच मिनिटं. यातही कॅमेरा नाही. छपाईकामात वापरतात तसे ठिपक्यांचे, रेघांचे चिकट कागद पट्टीवर लावले आणि ते चित्राच्या जागेतून आवाजाच्या जागेवरही जाऊ दिले. १६ मिलिमीटरच्या पट्टीवर चित्राच्या कडेला आवाजासाठी एक अरुंद जागा असते. तिच्यातून प्रकाश जातो, पलीकडचा सेल त्या प्रकाशाची कमीजास्त तीव्रता विजेत बदलतो आणि स्पीकर बोलतो. तिथे रेघा दाट असल्या की स्वर वर जातो, विरळ झाल्या की खाली येतो. म्हणजे जे दिसतंय तेच ऐकू येतंय. ही गोष्ट मी आधी सांगत नाही. फिल्म संपल्यावर विचारतो, "आवाज कुठून आला असेल?" आणि बरोबर उत्तर देणारं कुणीतरी निघतंच, बहुतेकदा शाळकरी पोर.

उत्तरार्धात गाय शेर्विन यांच्या 'शॉर्ट फिल्म सिरीज'मधल्या एक-दोन फिल्म्स, प्रत्येकी तीन मिनिटांच्या आतबाहेर, मूक. मग ख्रिस वेल्सबी यांची वीस मिनिटांची 'सेव्हन डेज' (१९७४), आणि शेवटी जॉन स्मिथ यांची बारा मिनिटांची 'द गर्ल च्युइंग गम' (१९७६). शेवटची फिल्म हसवते, म्हणून ती शेवटी. लोक बोलत बोलत बाहेर पडतात.

पायरी ३: काही फिल्म्स दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा

अशाही काही कलाकृती आहेत ज्या पेन ड्राइव्हवर आणून दाखवता येतच नाहीत, कारण त्या फिल्म आणि प्रयोग यांच्या मध्ये आहेत. अँथनी मॅकॉल यांची 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन' (१९७३) घ्या. तीस मिनिटांत पडद्यावर एक ठिपका वाढत वाढत पूर्ण वर्तुळ होतो. पण बघायचं पडद्याकडे नसतंच. प्रोजेक्टरपासून निघालेली प्रकाशाची रेघ हवेत शंकूचा आकार घेते आणि प्रेक्षक त्यात हात घालतात, आत जाऊन उभे राहतात. सत्तरच्या दशकात हवेतली धूळ आणि लोकांच्या सिगारेटी यांनी तो शंकू दिसायचा. आता नाटकात वापरतात तसं धुराचं मशीन लागतं. मी हा प्रयोग एकदा एका सभागृहात करायला गेलो आणि सातव्या मिनिटाला आगीची घंटा वाजली. सभागृहाच्या माणसाला मी फक्त "थोडा धूर असेल" एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून असा प्रयोग असला की आदल्या दिवशी प्रत्यक्ष धूर सोडून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ऱ्होड्स यांची 'लाइट म्युझिक' (१९७५) समोरासमोर ठेवलेल्या दोन प्रोजेक्टरांवर चालते, प्रेक्षक मध्ये फिरतात. युरोपीय संगीतात स्त्री संगीतकारांची दखल घेतली जात नाही, या अस्वस्थतेतून त्यांनी ती केली होती. २०१२ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात जुन्या तेलटाक्यांच्या जागी नवी दालनं उघडली, तेव्हा तिथे ही कलाकृती पुन्हा मांडली गेली.

आणि अ‍ॅनाबेल निकलसन यांची 'रील टाइम' (१९७३). यात त्या शिवणाच्या मशीनवर बसायच्या. त्या शिवतायत असं चित्रण असलेली फिल्मची लांब माळ प्रोजेक्टरमधून निघून थेट मशीनच्या सुईखाली यायची आणि परत प्रोजेक्टरमध्ये जायची. सुईत दोरा नाही. प्रत्येक फेरीत पट्टीवर नवी भोकं, पडद्यावर नवे प्रकाशाचे ठिपके, चित्रातली बाई हळूहळू त्या ठिपक्यांत हरवत जाते. प्रेक्षकांतले दोघं जण एकेका माहितीपुस्तिकेतून वाचायचे, एक जण मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते, दुसरा प्रोजेक्टरमध्ये फिल्म कशी ओवायची ते. पट्टी तुटली की प्रयोग संपला. घराघरातलं शिवणाचं मशीन आणि प्रोजेक्टर ही दोन्ही दात्यांनी कापड किंवा पट्टी पुढे सरकवणारी, थांबत थांबत चालणारी यंत्रं, हे एवढ्या साध्या तऱ्हेने दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. अशा कामाचे फोटो आणि वर्णनं वाचा, अभ्यासात घ्या, पण त्याची नक्कल करून 'सादर' करू नका. ते त्यांचं आहे.

पायरी ४: फिल्म मिळवा, परवानगीसह

ब्रिटनमधल्या कलावंतांच्या फिल्म्सचं सर्वांत मोठं वितरण लंडनच्या 'लक्स' या संस्थेकडे आहे. ही कोऑपचीच वारसदार, २००२ पासूनची, आता हायगेटमधल्या वॉटरलो पार्कमध्ये. स्त्री-दिग्दर्शकांच्या फिल्म्ससाठी 'सिनेनोव्हा' वेगळी आहे. जुन्या फिल्म्सचा मोठा साठा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात.

पत्र लिहिताना चार गोष्टी पहिल्याच ओळींत द्या: तारीख, जागा, किती प्रेक्षक, तिकीट आहे की नाही. भाडं फिल्मच्या लांबीवर आणि कितीदा दाखवणार यावर ठरतं. विद्यार्थ्यांचा गट असेल तर तसं स्पष्ट लिहा. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली अंधुक प्रत सापडते, पण ती लावू नका. एक तर तो पैसा कलावंताच्या हक्काचा आहे, आणि दुसरं, 'बर्लिन हॉर्स'चे रंग त्या प्रतीत मातीमोल झालेले असतात. कोऑपच्या पहिल्या दशकातल्या निवडक फिल्म्सचा 'शूट शूट शूट' नावाचा डीव्हीडी संच आहे, घरी अभ्यासाला उत्तम. पण घरी बघायची डीव्हीडी आणि जाहीर कार्यक्रमाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी.

भारतात कार्यक्रम करत असाल तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र किंवा त्यातून सूट लागते. फिल्म सोसायटीच्या चळवळीतल्या जुन्या माणसांना हे सगळं तोंडपाठ असतं. स्वतः अंदाज बांधण्यापेक्षा गावातल्या फिल्म क्लबला बरोबर घ्या. त्यांच्याकडे सभासद असतात, पडदा असतो आणि अनुभव असतो.

पायरी ५: खोली

इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

अंधार आधी. खिडक्यांना काळं कापड लावा, कडांना चिकटपट्टी. दुपारी दोन वाजता खोलीत उभे राहा, दारं बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. डोळे सरावल्यावर ज्या फटी दिसतात त्या खऱ्या. त्या बुजवा.

मग चित्राचा आकार. १६ मिलिमीटरची चौकट जवळजवळ चारास तीन या मापाची असते. आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर रुंद. नीट पाहिलं नाही तर यंत्र आपणहून चित्र ताणून पडदा भरतं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत 'बर्लिन हॉर्स'चा घोडा आडवा पसरला होता आणि रिमोट कुणाकडे आहे हे शोधेपर्यंत फिल्म संपली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करा. एकेका फ्रेमवर मेहनत घेतलेल्या फिल्म्सचा ती सोय चुथडा करते.

आवाज. मूक फिल्म चालू असताना पंख्याची घरघर फार ऐकू येते. त्या काही मिनिटांपुरते पंखे बंद करता आले तर करा, उन्हाळ्यात ते जमत नसेल तर निदान खडखडणारा एक तरी बंद करा. संगीताची पार्श्वभूमी लावायचा मोह आवरा. शेर्विन यांनी शांतता निवडली आहे.

खरा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर मिळाला तर भाग्यच. जुन्या शाळा-कॉलेजांच्या अडगळीत एखादा निघतो. पण भाड्याने आलेली प्रत त्याच्यावर सरळ चढवू नका. आधी गेटमधली, म्हणजे पट्टी जिथे प्रकाशासमोर येते त्या खाचेतली, धूळ मऊ ब्रशने काढा. मग एखादी टाकाऊ पट्टी पंधरा मिनिटं चालवा आणि बाहेर आलेल्या पट्टीची कड बोटांत धरून तपासा. ओरखडा किंवा फाटकं भोक दिसलं तर तो प्रोजेक्टर वापरायचा नाही, कितीही मन झालं तरी. ओवताना गेटच्या वर आणि खाली पट्टीचा सैल वळसा ठेवावा लागतो. पट्टी गेटमध्ये थांबत थांबत सरकते आणि बाकी यंत्रात अखंड फिरते. तो फरक हे वळसे पोटात घेतात. वळसा गेला की चित्र उड्या मारतं. खालचा वळसा लहानमोठा झाला तर आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटतो, कारण १६ मिलिमीटरच्या पट्टीवर आवाज त्याच्या चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. वेगाचं बटणही बघा. आवाजाच्या फिल्मला सेकंदाला २४ फ्रेम. मूक असेल तर प्रतीसोबत आलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा, मनाने १८ वर नेऊ नका.

एक गंभीर गोष्ट. यातल्या काही फिल्म्समध्ये प्रकाश फार वेगाने लुकलुकतो, 'ड्रेसडेन डायनॅमो' त्यातलीच. ज्यांना फिट येतात त्यांना याने त्रास होऊ शकतो. पोस्टरवर लिहा, दारावर लिहा, आणि सुरू करण्याआधी तोंडी सांगा. कुणी उठून बाहेर गेलं तर वाट मोकळी असू द्या.

पायरी ६: कार्यक्रमाच्या संध्याकाळी

आधी दोन मिनिटंच बोला. किती फिल्म्स, एकूण किती वेळ, कोणत्या मूक आहेत. मूक आहे हे सांगितलं नाही तर मागून "आवाज!" अशी आरोळी हमखास येते आणि ती फिल्म त्या दिवशीपुरती गेली. अर्थ सांगत बसू नका.

प्रत्येक दोन फिल्म्सच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद पूर्ण काळोख ठेवा. डोळ्यांना विसावा लागतो. फायली एकामागून एक सलग लावल्या तर लोकांना एकच लांब, गोंधळलेली फिल्म पाहिल्यासारखं वाटतं.

नंतरच्या चर्चेत मी पहिला प्रश्न एकच विचारतो: काय दिसलं? "आवडलं का", "काय म्हणायचं असेल" हे प्रश्न लोकांना बुजवतात. काय दिसलं, हे मात्र सगळ्यांना सांगता येतं. 'सेव्हन डेज'नंतर कुणी म्हणतं, कधी आभाळ दिसतं, कधी जमीन. कुणी म्हणतं, जमिनीवर कॅमेऱ्याचीच सावली होती. मग तिसरा विचारतो, सावली कधी दिसत होती? आणि कोडं सुटायला लागतं. वेल्सबी यांनी वेल्समधल्या कार्निंगली डोंगराच्या उतारावर, एका ओढ्याकाठी, खगोल अभ्यासक दुर्बिणीसाठी वापरतात तसल्या पृथ्वीच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर कॅमेरा ठेवला. सूर्योदय ते सूर्यास्त, दर दहा सेकंदांना एक फ्रेम, सात दिवस. ऊन असेल तेव्हा कॅमेरा स्वतःच्या सावलीकडे, सूर्य ढगाआड गेला की सूर्याच्या दिशेने. कुठलं दृश्य कधी, हे हवामानाने ठरवलं. प्रेक्षकांनी हे स्वतः शोधलं तर ते घरी जाताना आभाळाकडे बघतात. मी पाहिलंय.

पायरी ७: एक फिल्म घ्या आणि ती पूर्ण उलगडा

अभ्यासाला मी 'द गर्ल च्युइंग गम' सुचवतो. पूर्व लंडनमधल्या डॉल्स्टन भागातला एक रस्ता, माणसं येतायत जातायत, मागे कुठेतरी चोरघंटा सतत वाजतेय. आवाज दिग्दर्शकाचा. तो सूचना देतो आणि माणसं त्याप्रमाणे वागतात. म्हातारबुवा, आता तुम्ही इकडून या. आता ती च्युइंग गम चघळणारी मुलगी. सूचना आधी, कृती नंतर.

ही फिल्म तीनदा पाहा. पहिल्यांदा वही नको. दुसऱ्यांदा वेळ लिहून नोंदी करा: कोणत्या मिनिटाला कोणती सूचना. इथे लक्षात येतं की दिग्दर्शक माणसांबरोबर कबुतरांना आणि घड्याळाच्या काट्यांनाही आज्ञा देतोय. म्हणजे चित्रण आधीच झालंय आणि आवाज नंतर चढवलाय. तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. तोच रस्ता, पण आता कुणीच कुणाचं ऐकत नाही, माणसं आपापल्या कामाला चाललीत. पुन्हा आवाज लावा आणि शेवटाकडे जा. आवाज म्हणतो की तो इथून पंधरा मैलांवर, लेचमोर हीथजवळ एका शेतात उभा आहे. टीव्हीच्या बातम्यांमध्ये चित्रावर निवेदन कसं चढवलेलं असतं, हे यानंतर तुम्हाला आयुष्यभर ऐकू येईल.

नोंदी लिहिताना एक पथ्य पाळा. 'स्वप्नवत', 'प्रतीकात्मक', 'गूढ' हे तीन शब्द पहिल्या पानावर वापरायचे नाहीत. काय आहे, किती वेळ आहे, कुठून बघितलंय, पट्टीवर काय केलंय, एवढंच लिहा.

यानंतर पुस्तकांना हात घाला. ए. एल. रीस यांचा प्रायोगिक फिल्म आणि व्हिडिओचा इतिहास (१९९९) सुरुवातीला चांगला, आणि डेव्हिड कर्टिस यांचा ब्रिटनमधल्या कलावंतांच्या फिल्मचा इतिहास (२००७) तपशिलांना. गिडाल यांचे लेख अवघड आहेत, पण त्यांच्या मांडणीचा गाभा असा: फिल्मने काही 'दाखवण्या'पेक्षा प्रेक्षकाला स्वतःच्या बघण्याचं, जाणाऱ्या वेळेचं, पट्टीच्या अस्तित्वाचं भान ठेवायला लावावं. त्यांच्याशी भांडत वाचा. समीक्षक पीटर वोलन यांनी १९७५ साली मांडलं की अवाँ-गार्द एक नाही, दोन आहेत, एक रूपाचा शोध घेणारी आणि दुसरी राजकारणाचा. मग त्यांनी आणि लॉरा मल्व्ही यांनी मिळून 'रिडल्स ऑफ द स्फिंक्स' (१९७७) केली, जिच्या मधल्या भागात कॅमेरा गोल फिरत फिरत एका आईचं आयुष्य सांगतो.

भांडणंही अभ्यासा, कारण तिथे इतिहास उघडा पडतो. १९७९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत प्रायोगिक फिल्मचं मोठं प्रदर्शन भरलं. स्त्रियांच्या इतिहासाला आपल्या पद्धतीने जागा मिळत नाही म्हणून ऱ्होड्स, निकलसन आणि सहकारी स्त्रियांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि आपली जागा रिकामी ठेवली. त्याच वर्षी 'सर्कल्स' ही स्त्रियांची वितरण संस्था निघाली, तीच पुढे १९९१ मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी जोडली जाऊन 'सिनेनोव्हा' झाली. तुमच्या कार्यक्रमात कुणाची नावं आपोआप येतात आणि कुणाची शोधावी लागतात, हे तपासायला ती रिकामी जागा उपयोगी पडते. तसंच १९८५ च्या बर्मिंगहॅम आणि लंडनमधल्या दंगलींनंतर ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटाने केलेली, जॉन अकोम्फ्रा दिग्दर्शित 'हँड्सवर्थ साँग्स' (१९८६) बघा. जुनी वृत्तचित्रं, स्थलांतरितांचे चेहरे, त्यांत आपल्या उपखंडातून गेलेलेही. आणि डेरेक जार्मन यांची 'ब्लू' (१९९३): पाऊण तासाहून किती तरी जास्त वेळ फक्त निळा पडदा, आणि दृष्टी जात चाललेल्या, एड्सने आजारी जार्मन यांचे शब्द, वेगवेगळ्या आवाजांत. ती अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, पूर्णच पाहा. मोबाइलवर नको.

लंडनला शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना एवढंच सांगतो: सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये ब्रिटिश कलावंतांच्या फिल्म-व्हिडिओचा अभ्याससंग्रह आहे, साउथबँकवर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे. आधी ईमेल करून वेळ घ्या आणि कागदपत्रांच्या पेट्या मागा. हाताने छापलेली जुनी कार्यक्रमपत्रकं बघून जे कळतं ते पुस्तकात नसतं. आणि मुंबईत असाल तर १९६९च्या आसपास चित्रकार अकबर पदमसी यांनी चालवलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपचा आणि फिल्म्स डिव्हिजनमधल्या प्रमोद पती यांच्या 'एक्सप्लोरर'चा (१९६८) शोध घ्या. लंडनशी त्यांचं नातं जोडायची घाई नको, पण त्याच वर्षांत आपल्याकडेही हात चालू होते.

पायरी ८: हात काळे करा

१६ मिलिमीटरच्या १०० फुटी रिळात साधारण ४००० फ्रेम बसतात आणि सेकंदाला २४ या वेगाने ते दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद चालतं. विल्यम रेबन यांच्या एका फिल्मचं नावच तेवढं आहे, मिनिटं आणि सेकंद. शेर्विन यांची मालिकाही याच लांबीच्या रिळांची: एक रीळ, एक गोष्ट, नीट बघणं.

तुमच्या पुढच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला हे काम द्या. मोबाइल एसटी स्टँडच्या कट्ट्यावर, खिडकीत, पिठाच्या गिरणीच्या दारात, कुठेही घट्ट टेकवून ठेवायचा. दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद चित्रण करायचं. हात लावायचा नाही, झूम नाही, नंतर कापायचं नाही, गाणं चढवायचं नाही. आलेल्या चित्रणांतली तीन निवडा आणि शेर्विन यांच्या दोन फिल्म्सच्या मध्ये, कुणाचंही नाव न सांगता, मोठ्या पडद्यावर लावा. मग दिवे लावून विचारा, काय दिसलं.